महिला कैद्यांची मुलाखत आणि संपर्क : कायदा, व्यवहार आणि न सुटलेले प्रश्न

प्रश्नाची व्याप्ती

कोठडीत ठेवलेल्या स्त्रीला तिच्या घरच्यांनी, मैत्रिणींनी आणि वकिलांनी किती वेळा, कोणत्या अटींवर आणि कशा रीतीने भेटावे हा प्रश्न वरकरणी कारागृहाच्या दैनंदिन कारभाराचा वाटतो. परंतु घटनात्मक हक्क, सुरक्षा, कुटुंबसंस्था आणि बालहित या चार विषयांची गाठ त्यात पडलेली असल्यामुळे न्यायालये, चौकशी समित्या, प्रशासन आणि सामाजिक संस्था यांना तो गेली कित्येक दशके वेगवेगळ्या बाजूंनी सोडवावा लागला आहे. कारागृहाच्या व्यवहारात नातेवाइकांच्या भेटीला ‘मुलाखत’ म्हणतात. पत्रे, दूरध्वनी, दृक्‌श्राव्य संभाषण, मनीऑर्डर आणि वकिलाची भेट यांसह ती ‘बाहेरच्या जगाशी संपर्क’ या सदरात मोडते.

कोठडीचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकात संपर्काचे नियम बदलतात. ज्यांचा खटला अद्याप चालू आहे अशा कैद्यांना न्यायाधीन बंदी किंवा बोलीभाषेत कच्चे कैदी म्हणतात, ज्यांना शिक्षा झाली आहे ते सिद्धदोष बंदी म्हणजे पक्के कैदी, आणि खटल्याविनाच प्रतिबंधक कायद्याखाली ठेवलेले ते स्थानबद्ध. परिवीक्षा, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी राहू देण्याची व्यवस्था, भारतात १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने आली आणि तिच्यात बंदिवास अभिप्रेत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात याच्या उलट परिवीक्षेच्या अटी मोडणाऱ्यांसाठी वेगळी बंदिस्त केंद्रे आहेत, जिथे काही महिन्यांचा मुक्काम असतो आणि भेटीला येणाऱ्यांची नावे आधी मंजूर करून घ्यावी लागतात. भारतात अशी केंद्रे नसल्याने ‘थोड्या काळासाठी आत असलेली स्त्री’ म्हणजे व्यवहारात कच्ची कैदी, आणि तिचा थोडा काळ जामीनदार मिळेपर्यंत किंवा खटला संपेपर्यंत लांबत जातो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते, त्यांपैकी २३,७७२ महिला म्हणजे चार टक्क्यांहून किंचित अधिक. सर्व कैद्यांत न्यायाधीन बंद्यांचे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास होते. केवळ महिलांसाठी असलेली कारागृहे ३४ होती. बाकीच्या महिला पुरुषांच्या कारागृहांतील भिंत घालून वेगळ्या केलेल्या विभागांत राहत होत्या. १,५३७ महिलांसोबत त्यांची १,७६४ मुले आत होती. पुढील सगळ्या चर्चेचे मूळ या आकड्यांत आहे, कारण महिला कैदी थोड्या म्हणून त्यांची कारागृहे थोडी, कारागृहे थोडी म्हणून ती घरापासून लांब, आणि लांब म्हणून भेटीला येणारे कमी, असा हा क्रम आहे.

कायद्याची चौकट

कारागृहे हा घटनेनुसार राज्यसूचीतला विषय असला, तरी त्यांचा पाया प्रदीर्घ काळ १८९४ च्या कारागृह अधिनियमाने घातलेला आहे. या अधिनियमाच्या कलम २७ ने महिलांना पुरुषांपासून वेगळे ठेवण्याची सक्ती केली, कलम ४० ने दिवाणी व न्यायाधीन कैद्यांना ज्यांच्याशी बोलायचे असेल अशा व्यक्तींच्या प्रवेशाची सोय करण्यास सांगितले आणि वकिलाची भेट तिसऱ्या कोणाच्या उपस्थितीविना होऊ देण्याचे तत्त्व नोंदवले. कलम ४१ मध्ये भेटीला आलेल्याचे नाव-पत्ता विचारण्याचा आणि संशयाला कारण असल्यास त्याची झडती घेण्याचा अधिकार तुरुंगाधिकाऱ्याला दिला आहे. मात्र अशी झडती अन्य कैद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटकर्त्यासमोर घेता येत नाही, हे बंधनही त्याच कलमात आहे. वसाहतकालीन कायद्यात भेटकर्त्याच्या अब्रूचा इतका तरी विचार असावा आणि आजच्या गर्दीच्या दारात तोच सर्वांत आधी विसरला जावा, ही खेदाची बाब आहे.

महाराष्ट्रात या अधिनियमाखाली कैद्यांच्या सुविधांविषयीचे नियम १९६२ मध्ये झाले. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत कुटुंबीय, मित्र आणि वकील यांच्या भेटीसाठी पंधरवड्यातून एकदा ही मर्यादा मूलभूत धरली असून, भेटीला येऊ शकणाऱ्या व्यक्तींची यादी दाखल होतानाच कैद्याकडून घेण्याची पद्धत सुचवली आहे. ही नियमावली राज्यांवर बंधनकारक नाही. कच्च्या कैद्यांना पक्क्या कैद्यांपेक्षा अधिक वेळा भेट मिळावी हे तत्त्व बहुतेक राज्यांनी स्वीकारले आहे, कारण त्यांना कायद्याने निर्दोष मानायचे असते आणि बचावाची तयारीही करू द्यायची असते. केंद्राने २०२३ मध्ये आदर्श कारागृहे व सुधारसेवा अधिनियमाचा मसुदा राज्यांना पाठवला, पण तोही राज्यांनी स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही.

समित्यांचा इतिहासही या संदर्भात पाहावा लागतो. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय समितीने (१९८० ते १९८३) कारागृहांचा समग्र विचार केला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये केवळ महिला कैद्यांवर अहवाल दिला. आणि केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये ‘कारागृहांतील महिला’ या विषयावरील अहवालात १३४ शिफारशी केल्या. आंतरराष्ट्रीय पातळीवर डिसेंबर २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेले ‘बँकॉक नियम’ हे महिला कैद्यांसाठीचे पहिले स्वतंत्र निकष ठरले. कैदी महिलेला शक्यतो घराजवळ ठेवावे, लांब ठेवावे लागल्यास त्याची भरपाई होईल असे उपाय करावेत, मुलांसोबतची भेट मोकळ्या वातावरणात आणि स्पर्शाला वाव देणारी असावी, आणि शिस्तभंगाची शिक्षा म्हणून कुटुंबाची, विशेषतः मुलांची भेट कधीही बंद करू नये, अशा तरतुदी त्यांत आहेत.

न्यायालयांची वाटचाल

कैद्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध हा हक्क आहे का, या प्रश्नावरील एक महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातूनच आला. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी स्थानबद्धतेत असताना अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याचे हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये असा निर्णय दिला, की स्थानबद्धतेच्या अटींत ज्याला मनाई नाही ते करण्याचे स्वातंत्र्य स्थानबद्धाकडे शिल्लक राहते. कैदेमुळे सर्व हक्क आपोआप लोपत नाहीत या विचाराचे बीज येथे दिसते.

डिसेंबर १९७९ मधील सुनील बात्रा (दुसऱ्या) प्रकरणात, एका कैद्याने दुसऱ्या कैद्यावरील अत्याचाराविषयी लिहिलेल्या पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्यांच्या प्रतिष्ठेचा व्यापक विचार केला आणि आप्तस्वकीयांच्या भेटींना कारावासातील एकाकीपणावरचा मोठा आधार मानले. तरीही महिला कैद्यांच्या दृष्टीने सर्वांत नेमका निवाडा जानेवारी १९८१ मधील फ्रान्सिस कोराली मुलिन यांचा होय. ही ब्रिटिश महिला परकीय चलन व तस्करीविषयक प्रतिबंधक कायद्याखाली तिहार कारागृहात स्थानबद्ध होती, आणि तिची सुमारे पाच वर्षांची मुलगी तिच्या बहिणीजवळ होती. स्थानबद्धतेच्या अटींनुसार तिला महिन्यातून एकदाच नातेवाइकांना भेटता येत होते, आणि वकिलाला भेटण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी व सीमाशुल्क अधिकाऱ्याची हजेरी लागत होती. न्यायमूर्ती भगवती यांनी दोन्ही अटी रद्द ठरवल्या. त्यांच्या मते कलम २१ मधील जीविताच्या हक्कात कुटुंबीयांना व मित्रांना भेटण्याचा हक्क अंतर्भूत असून त्यावरचे निर्बंध वाजवी व न्याय्य असावे लागतात. न्यायाधीन कैद्यांना आठवड्यातून दोनदा भेट मिळत असताना स्थानबद्धाला महिन्यातून एकच भेट देणे ही मनमानी ठरते. वकिलाच्या भेटीवर अधिकाऱ्याला नजर ठेवायची असल्यास त्याने ती ठेवावी, पण बोलणे त्याच्या कानांवर पडू नये, असेही या निवाड्यात म्हटले आहे.

१९८३ मधील शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण संपर्काच्या पहिल्या तासांशी संबंधित आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहात १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले, तेव्हा न्यायालयाने महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांची नेमणूक, अटकेची बातमी नातेवाईक किंवा मित्राला आणि जवळच्या विधी साहाय्य समितीला तत्काळ देणे, अशी बंधने घातली. ही बातमी घरी पोहोचलीच नाही, तर पुढे मुलाखतीचे नियम कितीही उदार असले तरी दारात येणार कोण, हा या निवाड्यातून निघणारा प्रश्न आजही तितकाच खरा आहे.

मुलांच्या संदर्भात एप्रिल २००६ मधील आर. डी. उपाध्याय प्रकरणाचा निवाडा मार्गदर्शक ठरला. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते, त्यानंतर ते आईच्या इच्छेनुसार नातेवाइकांकडे किंवा संस्थेत पाठवावे, संस्था शक्यतो त्याच गावात असावी आणि मुलाला आठवड्यातून किमान एकदा आईला भेटता यावे, अशी ही दिशा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये देशातील १,३८२ कारागृहांतील अमानवी परिस्थितीविषयीच्या प्रकरणात न्यायमूर्ती लोकूर यांच्या खंडपीठाने कुटुंबीयांच्या भेटी वाढवण्यास आणि दूरध्वनी व दृक्‌श्राव्य साधनांचा विचार करण्यास राज्यांना सांगितले. याच प्रकरणात २०१८ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने नोंदवले, की गज किंवा काच मध्ये न येता आपल्या मुलांना भेटण्याची मुभा महिला कैद्यांना केवळ गोवा, दिल्ली आणि पुदुच्चेरी येथील कारागृहांत आहे.

मुलाखत प्रत्यक्षात कशी होते

निवाड्यांची भाषा आणि कारागृहाच्या दारातील व्यवहार यांत किती अंतर आहे, हे मुलाखतीच्या दिवसाचा क्रम पाहिल्यावर लक्षात येते. भेटीला येणाऱ्याला ओळखपत्र दाखवून कैद्याचे पूर्ण नाव, नाते आणि शक्य असल्यास बंदी क्रमांक नोंदवावा लागतो. नोंदणीची वेळ बहुधा सकाळी असल्याने बाहेरगावचे लोक आदल्या रात्रीच निघतात. मोबाइल व सामान बाहेर ठेवावे लागते, आणि ते ठेवायला जागा नसेल तर शेजारच्या टपरीवर विश्वास टाकावा लागतो. आत मुलाखत कक्षात काचेच्या किंवा जाळीच्या दोन बाजूंना कैदी आणि नातेवाईक बसतात, इंटरकॉमवरून बोलतात, आणि वीस मिनिटे ते अर्ध्या तासाचा हा अवधी एकाच वेळी अनेक कुटुंबांना दिला जात असल्यामुळे शेजारच्या आवाजांतून आपले माणूस ऐकावे लागते. कडेवर मूल घेऊन आलेल्या आजीला इंटरकॉमचा एकच चोंगा हातात धरून तो आधी मुलाच्या कानाला लावावा की स्वतः जामिनाचे बोलून घ्यावे, याचा निर्णय त्या वीस मिनिटांतच करावा लागतो.

बोलण्याचा विषयही ठरलेला असतो. जामीनदार मिळाला का, वकिलाने पुढची तारीख कोणती सांगितली, मुलांची शाळा कोण पाहते, कॅन्टीनसाठी मनीऑर्डर केली का, या पलीकडे जायला बहुधा वेळच उरत नाही. कच्च्या कैद्यांना घरचे कपडे वापरता येतात, त्यामुळे कपडे, साबण अशा वस्तूंची देवघेव हीदेखील भेटीइतकीच महत्त्वाची असते; ज्या महिलेकडे कोणी येत नाही, तिला मासिक पाळीच्या काळातील गरजांपासून तेला-साबणापर्यंत सगळ्यासाठी कारागृहाच्या पुरवठ्यावर किंवा सोबतच्या बायकांच्या उपकारांवर राहावे लागते. संपर्काचा अभाव म्हणजे भावनिक एकटेपणा एवढाच अर्थ अभ्यासक सहसा घेतात. त्यातली ही रोजची भौतिक बाजू अधिक लक्षात घेतली जायला हवी.

याशिवाय एक अनौपचारिक भेट असते, जी कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. कच्च्या कैद्याला तारखेला न्यायालयात आणले, की व्हरांड्यात, गाडीच्या पायरीजवळ, पोलीस सोबत असतानाच घरच्यांशी दोन शब्द होतात, डबा हातात दिला जातो, मुलाला जवळ घेता येते. पोलीस बंदोबस्ताच्या तुटवड्यामुळे आणि पुढे दृक्‌श्राव्य पद्धतीने हजेरी होऊ लागल्यामुळे ही भेट कमी झाली आहे. दृक्‌श्राव्य हजेरीचे समर्थन खर्च, सुरक्षा आणि वेळेची बचत या अंगांनी केले जाते आणि ते निराधार नाही. पण तिच्यामुळे काच नसलेली एकमेव भेट अनेक महिलांच्या वाट्यातून गेली, हा परिणाम धोरण आखताना मोजला गेल्याचे दिसत नाही.

पक्क्या कैद्यांना संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांवर घरी जाण्याची वाट असते, कच्च्या कैद्यांना ती नाही. महाराष्ट्र कारागृह विभागाचा ‘गळाभेट’ हा उपक्रम या पार्श्वभूमीवर उल्लेखनीय आहे. त्यात पक्क्या कैद्यांच्या अल्पवयीन मुलांना ठरावीक दिवशी कारागृहाच्या आत आणून आईला किंवा वडिलांना काचेविना भेटू दिले जाते, सोबत बसून खाऊ खाल्ला जातो. सामाजिक संस्थांच्या मदतीने होणारा हा कार्यक्रम प्रासंगिक असल्याने नियमित मुलाखतीची जागा तो घेऊ शकत नाही, परंतु स्पर्शभेट आणि सुरक्षा एकत्र नांदू शकतात याचा तो पुरावा आहे.

मुख्य भूमिका

या विषयातील पहिली भूमिका हक्काची आहे. फ्रान्सिस मुलिन निवाड्यापासून बँकॉक नियमांपर्यंतची परंपरा ती पुढे नेते आणि म्हणते, की स्वातंत्र्य हिरावणे हीच शिक्षा असते, नाती तोडणे हा तिचा भाग नसतो. म्हणून भेट नाकारताना कारण देण्याची जबाबदारी प्रशासनावर यायला हवी. मुलाखतीला देखरेखीचे मूल्य आहे, हा युक्तिवादही याच बाजूचा आहे. जून २०१७ मध्ये भायखळा कारागृहात एका महिला कैद्याचा मृत्यू झाला आणि कारागृहातील कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा बंद भिंतींआड काय घडते हे बाहेर कळण्याच्या वाटा किती अरुंद आहेत याची मोठी चर्चा झाली. नियमित भेटी होत असतील तर अंगावरचा वळ कोणाच्या तरी नजरेस पडतो.

दुसरी भूमिका प्रशासनाची आहे आणि ती केवळ कठोरपणातून आलेली नाही. क्षमतेहून अधिक कैदी, मंजूर पदांपेक्षा कमी कर्मचारी, मोबाइल संच आणि अमली पदार्थ आत येण्याचा धोका, साक्षीदारांवर दबाव येण्याची शक्यता, आणि काही प्रकरणांत कैदी महिलेलाच टोळीकडून असलेला धोका, या गोष्टी अधीक्षकाला रोज हाताळाव्या लागतात. दिल्लीत आठवड्यातून दोन भेटींच्या मर्यादेला दिलेले आव्हान फेटाळताना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या आणि उपलब्ध सोयी पाहून ठरवलेली ही मर्यादा धोरणाचा भाग असल्याचे मानले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००३ मध्ये ओव्हर्टन विरुद्ध बाझेटा या प्रकरणात मिशिगन राज्याने भेटींवर घातलेले निर्बंध, त्यात मुलांच्या भेटींवरचेही आले, कायम ठेवले होते. या भूमिकेनुसार भेटीचा हक्क मान्य करूनही त्याचे प्रमाण आणि रीत ठरवण्याचा विवेक प्रशासनाकडेच राहायला हवा.

तिसरी भूमिका उपयुक्ततेची आहे. नात्यांचा धागा टिकलेला कैदी सुटल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता कमी असते असे तिचे म्हणणे आहे. मिनेसोटा राज्याच्या कारागृह विभागाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांची माहिती तपासली गेली आणि ज्यांना भेटी मिळाल्या होत्या त्यांच्यात गंभीर गुन्ह्यासाठी पुन्हा दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी, तर देखरेखीच्या अटी मोडल्यामुळे परत आत जाण्याचा धोका २५ टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांचे कुटुंब आधीपासूनच धड आहे त्यांनाच अधिक भेटी मिळतात, त्यामुळे परिणाम भेटीचा की कुटुंबाचा हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही, ही अशा अभ्यासांची मर्यादा मान्य करूनही हा पुरावा वजनदार आहे. तथापि हक्काची बाजू घेणारे एक सावधगिरी सुचवतात, की भेटीचे समर्थन सुधारणेवरच उभे केले तर जिच्या सुधारणेची आशा प्रशासनाने सोडली तिची भेट बंद करण्यालाही समर्थन मिळेल.

चौथी भूमिका स्त्री-अभ्यासाच्या अंगाने येते आणि आधीच्या तिन्हींच्या गृहीतकांना हात घालते. तिचे निरीक्षण असे, की पुरुष कैद्याच्या भेटीला आई, पत्नी, बहीण येते. स्त्री कैदेत गेली की तिच्या भेटीला येण्याचे काम परंपरेने जिचे असते तीच आत असते, आणि बदनामीच्या भीतीने सासर तर दार लावतेच, पण माहेरही अनेकदा मागे सरते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९० पासून मुंबईतील कोठड्या व कारागृहांत काम करत आहेत. घरी पत्ता शोधत जाणे, नातेवाइकांची समजूत घालणे, मुले कुठे आहेत ते पाहून येऊन आईला सांगणे ही अशा कामाची मोठी बाजू असते. स्त्री आणि पुरुष यांना पंधरवड्यातून समान भेटी देणारा नियम अशा परिस्थितीत समान राहत नाही, कारण पुरुषाची अडचण नियमाची मर्यादा असते आणि स्त्रीची अडचण येणारे कोणीच नसणे ही असते.

याच भूमिकेत एक अंतर्गत मतभेदही आहे. महिलांना द्यायच्या जादा सवलती मातृत्वाच्या आधारे मागितल्या, तर मूल नसलेली, अविवाहित, घरातून बाहेर पडलेली किंवा देहविक्रयात असलेली स्त्री त्या सवलतींबाहेर पडते, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. शिवाय कुटुंब हे प्रत्येकीसाठी आधाराचे ठिकाण असतेच असे नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून हातून गुन्हा घडलेल्या किंवा घरच्यांनीच गुन्ह्यात ओढलेल्या स्त्रीवर मुलाखतीतून दबाव आणला जाऊ शकतो, कबुली बदलायला किंवा दागिने-जमिनीच्या कागदांवर सही करायला लावली जाऊ शकते. म्हणून भेट नाकारण्याचा हक्क कैदी महिलेचाही आहे, आणि यादीतले नाव तिने काढल्यास त्याचा जाब तिला विचारला जाऊ नये, ही मागणी रास्त ठरते.

प्रस्तुत आढाव्यात या चार भूमिकांची मांडणी करताना एक निष्कर्ष टाळता येत नाही : महिलांच्या बाबतीत मंजूर भेटींची संख्या हे चुकीचे माप आहे, प्रत्यक्ष झालेल्या भेटी मोजल्या पाहिजेत. कारागृहांची वार्षिक आकडेवारी क्षमता, वय, शिक्षण, गुन्ह्याचा प्रकार अशी अनेक कोष्टके देते. एका कैदी महिलेला वर्षभरात किती भेटी मिळाल्या आणि कितीजणींना एकही मिळाली नाही, हे सांगणारे कोष्टक त्यात नसते. ही नोंद दारावरच्या वहीत रोज होत असते, त्यामुळे ती संकलित करणे अवघड नाही.

दूरध्वनी आणि पडद्यावरची भेट

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरातील कारागृहांत प्रत्यक्ष मुलाखती थांबल्या आणि दूरध्वनी व दृक्‌श्राव्य संभाषण हा संपर्काचा जवळजवळ एकमेव मार्ग उरला. केंद्राच्या ई-कारागृह प्रणालीतील ‘ई-मुलाकात’ या सोयीमुळे घरबसल्या वेळ नोंदवून पडद्यावर भेटता येऊ लागले, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून येरवडा कारागृहात स्मार्ट कार्डवर चालणाऱ्या दूरध्वनीची व्यवस्था सुरू होऊन पुढे तिचा विस्तार झाला. रोजंदारी बुडवून, एसटीचे भाडे भरून येणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ही सोय मोठीच आहे, आणि लांबवरच्या महिला कैद्यांना तिचा लाभ पुरुषांपेक्षा अधिक होतो हे उघड आहे.

मतभेद पर्याय आणि पूरक यांविषयी आहे. अमेरिकेतील अनेक स्थानिक तुरुंगांनी पडद्यावरची भेट सुरू करताना प्रत्यक्ष भेटी बंद केल्या आणि खासगी कंपन्यांचे दर कुटुंबांवर लादले. दीर्घ लढ्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये तेथे दरनियंत्रणाचा मार्ग मोकळा करणारा मार्था राइट-रीड कायदा झाला, आणि कनेक्टिकट, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांनी कारागृहांतील दूरध्वनी विनामूल्य केले. भारतात दर हा अद्याप मोठा वाद झालेला नाही. येथील अडचण वेगळी आहे : स्मार्टफोन घरात पुरुषाकडे असतो, नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्र लागते, आणि म्हाताऱ्या आईला किंवा दहा वर्षांच्या मुलीला ती प्रक्रिया एकटीने पार पाडता येत नाही. तान्ह्या मुलाला पडद्यावरचा चेहरा आणि आईचा स्पर्श यांतला फरक समजावता येत नाही, म्हणून लहान मुलांच्या बाबतीत पडद्यावरची भेट पूरकच राहिली पाहिजे, याविषयी बालहिताचे अभ्यासक सहसा एकमत दाखवतात.

जे अद्याप ठरलेले नाही

नातेवाईक कोणाला म्हणावे हा पहिला प्रश्न. रक्ताच्या आणि विवाहाच्या नात्याचा कागद मागणारी पद्धत लग्नाविना सोबत राहिलेल्या जोडीदाराला, तृतीयपंथी कैद्याच्या गुरूला किंवा वस्तीतल्या जिवलग मैत्रिणीला दाराबाहेर ठेवते. आदर्श नियमावलीत मित्रांचा समावेश असूनही प्रत्यक्ष निर्णय खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या समजुतीवर राहतो. परदेशी महिलांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यांच्या वकिलातीशी संपर्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार मिळायला हवा, पण वकिलातीचा अधिकारी हा कुटुंबाला पर्याय नव्हे, आणि परदेशी क्रमांकावर बोलण्याची परवानगी सुरक्षेच्या कारणाने सहज मिळत नाही.

दुसरा प्रश्न शिक्षेचा. शिस्तभंगाबद्दल काही काळ मुलाखत किंवा पत्रे बंद ठेवण्याच्या तरतुदी अनेक नियमावल्यांत टिकून आहेत. प्रशासनाच्या मते मारहाणीपेक्षा हा सौम्य उपाय आहे. टीकाकारांच्या मते त्यात आईबरोबर मुलालाही शिक्षा होते. न्यायालयांनी या मुद्द्याला थेट आणि अखिल भारतीय पातळीवर अजून हात घातलेला नाही.

वैवाहिक भेटींचा, म्हणजे पती-पत्नींना एकांत देण्याचा प्रयोग पंजाबने २०२२ मध्ये निवडक कारागृहांत सुरू केला. त्यावर नैतिकतेच्या अंगाने बरेच बोलले गेले. महिला कैद्यांच्या संमतीचे, गर्भनिरोधाचे आणि आरोग्याचे प्रश्न मात्र चर्चेच्या कडेलाच राहिले.

सर्वांत अवघड प्रश्न सहा वर्षांनंतरच्या मुलांचा आहे. उपाध्याय निवाड्याने आठवड्याची भेट सांगितली, पण संस्थेत ठेवलेल्या मुलाला कारागृहापर्यंत आणायचे कोणी हे व्यवहारात अधांतरीच राहते. बालगृह महिला व बालविकास विभागाकडे, कारागृह गृह विभागाकडे. वाहन, सोबतचा कर्मचारी आणि शाळेची सुट्टी यांचा मेळ दर आठवड्याला दोन विभागांनी मिळून घालायचा असतो, आणि मुलाखतीचा दिवस कामकाजाच्या वारी असेल तर मुलाची शाळा बुडते. मूल आजी-आजोबांकडे असेल तर हा खर्च कोणताच विभाग उचलत नाही. काही कार्यकर्ते अशा मुलांसाठी प्रवासभत्ता आणि रविवारच्या मुलाखतीची मागणी करतात. काही बालमानसतज्ज्ञ प्रत्येक मुलाला दर आठवड्याला कारागृहाच्या दारातून नेणे हितावह आहे का, अशी शंका उपस्थित करतात आणि मुलाची इच्छा विचारण्याचा आग्रह धरतात. मुलाला काय विचारावे, कोणी विचारावे आणि आईच्या हक्काशी त्याच्या नकाराचा मेळ कसा घालावा, याची कार्यपद्धती कोणत्याही नियमावलीत अद्याप स्पष्टपणे घालून दिलेली नाही.